गेट ड्राइव्ह: पॉवर ट्रान्झिस्टरची दारं धरणारा

परभणीत माझं इन्व्हर्टर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा) आणि सौर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करायचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जिंतूरकडचे एक काका पाच एचपीचा कंट्रोलर घेऊन आले. काउंटरवर ठेवत म्हणाले, "भाऊ, तिसऱ्यांदा आणलो बघा हा डबा. चार दिवस झाले, बागेला पाणी नाही."

आधीच्या दोन्ही वेळा मी तेच केलं होतं. मधल्या फेजचा वरचा आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) फुटलेला, तो बदलला, संध्याकाळी दुकानात मोटर फिरवून बघितली आणि डबा परत दिला. शेतात दुपारी एकच्या उन्हात, पंप पूर्ण ताकदीनं पाणी ओढत असताना, तोच आयजीबीटी परत जायचा. तिसऱ्या वेळी मी ट्रान्झिस्टरला हात लावला नाही, आधी त्याच्या गेटला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायाला, हुकूम देणारं सर्किट उघडलं. यालाच गेट ड्राइव्ह म्हणतात. दोष तिथंच होता. तेव्हापासून माझ्या दुकानात एक नियम आहे: फुटलेला ट्रान्झिस्टर बदलण्याआधी त्याचा गेट ड्राइव्ह तपासायचा. हे तपासायचं कसं, आणि नवीन बनवायचा असेल तर मांडायचा कसा, ते इथं पायरीपायरीनं लिहितो. आयटीआय-पॉलिटेक्निकची पोरं आणि माझ्यासारखे दुरुस्तीवाले डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

गेटला नेमकं काय लागतं

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्यानं रानात पाणी दिलंय, त्याला हे लगेच कळेल. पाटाला पाणी भरपूर असतं, पण पीक कसं येणार ते दारं धरणाऱ्यावर ठरतं. दारं, म्हणजे पाटातून वाफ्यात पाणी सोडायचं तोंड, वेळेवर मोडायचं (उघडायचं), पूर्ण मोडायचं आणि पुढचं मोडण्याआधी मागचं घट्ट बांधायचं. अर्धवट मोडलं तर पाणी बांध खात बसतं. मॉसफेट (गेटवर चालणारा दुसरा पॉवर ट्रान्झिस्टर) आणि आयजीबीटीचं असंच आहे. मुख्य करंट ड्रेन-सोर्समधून किंवा कलेक्टर-एमिटरमधून जातो, पण तो कधी आणि किती सहज जाणार हे गेट ठरवतं.

गेट आतून इन्सुलेटेड असतं, म्हणजे ते एक छोटं कपॅसिटरच. चालू स्थितीत त्याला करंट जवळपास लागत नाही. पण चालू-बंद करताना तो कपॅसिटर भरावा आणि रिकामा करावा लागतो, तोही झटक्यात. सगळ्या अडचणी या 'झटक्यात'मध्ये आहेत.

हिशोब करून बघू. आयआरएफ ३२०५ हा बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरमध्ये सर्रास दिसणारा मॉसफेट. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, त्याचा एकूण गेट चार्ज जास्तीत जास्त १४६ नॅनोकुलोम दिलाय. १०० नॅनोसेकंदांत तो चालू करायचा असेल तर १४६ भागिले १००, म्हणजे साधारण दीड अँपिअर करंट लागतो. आता हाच गेट आर्डुइनोच्या पिनला थेट जोडला, आणि पिनमधून २० मिलिअँपिअर घेतले, तर भरायला ७ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ जाईल. २० किलोहर्ट्झला एक आवर्तन फक्त ५० मायक्रोसेकंदांचं असतं. म्हणजे चालू होताना आणि बंद होताना मिळून त्या वेळेचा चौथ्या भागाहून जास्त वाटा दारं अर्धवट उघडं राहण्यातच जातो.

अर्धवट उघडं राहिलं की काय होतं? पूर्ण चालू असताना आयआरएफ ३२०५ चा रेझिस्टन्स ८ मिलिओहम. ३० अँपिअरला ३० गुणिले ३० गुणिले ०.००८, म्हणजे सात वॅट. हीटसिंक ते सहज सोसतो. पण गेटला व्होल्टेज कमी पडून मॉसफेटवर दोनच व्होल्ट उरले तरी ३० अँपिअरला ६० वॅट झाले. आणि गरम झाल्यावर मॉसफेटचा स्वतःचा रेझिस्टन्सही वाढतो, चांगला तापला की दीडपटीपर्यंत जातो. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरचाच पारा ४२-४३ वर असतो. पत्र्याच्या पेटीत त्याहून किती तरी जास्त.

गंमत म्हणजे सरासरी पॉवर बघितली तर गेट ड्राइव्हला काहीच लागत नाही. १४६ नॅनोकुलोम, १२ व्होल्ट, २० किलोहर्ट्झ, तिन्हींचा गुणाकार ३५ मिलिवॅट. म्हणून पुष्कळ जण फसतात. त्यांना वाटतं एवढ्याशा पॉवरला कुठलाही सप्लाय चालेल. सरासरी कमी आहे, पण तो करंट एका क्षणात अँपिअरमध्ये लागतो, हे विसरून चालत नाही.

पहिली पायरी: व्होल्टेज ठरवा

डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलेला असतो, आणि पोरं समजतात की ५ व्होल्ट दिले की झालं. थ्रेशोल्ड म्हणजे मॉसफेट जेमतेम जागा होतो तो बिंदू. साध्या मॉसफेटला पूर्ण उघडायला १० ते १२ व्होल्ट लागतात, आयजीबीटीला १५. लॉजिक लेव्हल मॉसफेट पाच व्होल्टवर चालतात, पण ते डेटाशीटमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. आयआरएफ ३२०५ त्यातला नाही.

वरची मर्यादा बहुतेकांची २० व्होल्ट, दोन्ही दिशांना. ती ओलांडली की गेटचा ऑक्साइड फुटतो आणि तो परत जुळत नाही. सिलिकॉन कार्बाइडचे मॉसफेट वेगळे, त्यांना चालू करायला १५ ते २० आणि बंद ठेवायला उणे ३ ते ५ व्होल्ट असं काही असतं. तिथं प्रत्येक पार्टची डेटाशीटच बघा.

दुसरी पायरी: ड्रायव्हर निवडा

बारा व्होल्टचा पुश-पुल इन्व्हर्टर असेल तर दोन्ही बाजूंच्या मॉसफेटचे सोर्स बॅटरीच्या निगेटिव्हवरच असतात. तिथं एसजी ३५२५ हा चालू-बंदचे पल्स देणारा कंट्रोल आयसी स्वतःच्या आउटपुटवरून एक-दोन मॉसफेट हाकतो. एका बाजूला चार-चार मॉसफेट समांतर लावले की तो कमी पडतो. मग मध्ये टीसी ४४२० सारखा सहा अँपिअरचा ड्रायव्हर किंवा दोन ट्रान्झिस्टरचा टोटेम पोल घाला, आणि प्रत्येक मॉसफेटला स्वतंत्र गेट रेझिस्टर द्या. एकाच रेझिस्टरवर चार गेट बांधले की ते एकमेकांशी भांडतात आणि ऑसिलेशन होतं.

ब्रिज सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर वर-खाली असतात आणि आउटपुट मधून निघतं. तिथं वरच्या ट्रान्झिस्टरची कथा वेगळी. त्याचा सोर्स जमिनीवर नसतो, तो आउटपुटबरोबर शून्यापासून बसपर्यंत (आतल्या मुख्य डीसी सप्लायपर्यंत) उड्या मारतो. त्याच्या गेटला बसपेक्षाही वर १२-१५ व्होल्ट हवे असतात. याला दोन रस्ते आहेत.

एक म्हणजे बूटस्ट्रॅप, आयआर २११० सारख्या आयसीमधला. खालचा ट्रान्झिस्टर चालू असताना एका वेगवान डायोडमधून छोटा कपॅसिटर भरून घ्यायचा, आणि वरच्याची पाळी आली की त्या साठ्यावर त्याचं गेट भरायचं. डायोड यूएफ ४००७ सारखाच हवा. साधा १ एन ४००७ इथं लावू नका, तो बंद व्हायला फार वेळ घेतो. कपॅसिटरचा हिशोब: २० किलोहर्ट्झला एका वेळी १५० नॅनोकुलोमच्या आसपास चार्ज जातो. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घसरण नको असेल तर दीड मायक्रोफॅरड, म्हणजे २.२ चा सिरॅमिक पुरतो. पण ५० हर्ट्झवर वरचा ट्रान्झिस्टर १० मिलिसेकंद चालू राहतो, तेवढा वेळ आयसी स्वतःच २३० मायक्रोअँपिअरपर्यंत खात असतो. ते २.३ मायक्रोकुलोम झाले. तिथं १० ते २२ मायक्रोफॅरड लावा. आणि ध्यानात ठेवा, खालचा चालू झालाच नाही तर वरच्याचा साठा भरतच नाही. म्हणून सुरुवातीला खालचे ट्रान्झिस्टर थोडे चालवून घ्यावे लागतात, आणि वरचा कायमचा चालू ठेवता येत नाही.

दुसरा रस्ता आयसोलेटेड ड्रायव्हरचा: टीएलपी २५० किंवा एचसीपीएल ३१२० सारखा ऑप्टो (वायरीऐवजी प्रकाशातून हुकूम पोचवणारा आयसी), आणि प्रत्येक वरच्या ट्रान्झिस्टरला स्वतःचा वेगळा सप्लाय. खर्च जास्त, पण पाचशे-सहाशे व्होल्टच्या बसवर मी हाच पसंत करतो. पॉवर बाजू फुटली तरी कंट्रोल कार्ड बहुतेक वेळा वाचतं.

तिसरी पायरी: गेट रेझिस्टर, आणि बंद करायची वाट वेगळी

१५ व्होल्टचा सप्लाय आणि दोन अँपिअरचा ड्रायव्हर असेल तर रेझिस्टर निदान साडेसात ओहम हवा. मी १० ते २२ मधून सुरुवात करतो आणि स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) बघून ठरवतो. कमी केला की स्विचिंग वेगवान होतं, पण आउटपुटवर रिंगिंग (व्होल्टेजची थरथर) येतं आणि शेजारचा रेडिओ खरखरतो. वाढवला की ट्रान्झिस्टर तापतो.

बंद करायचा रेझिस्टर मात्र कमी ठेवा. का ते बघा. एकाच लेगमधला (एका फेजच्या वर-खालच्या जोडीतला) खालचा ट्रान्झिस्टर बंद आहे आणि वरचा चालू झाला. मधला बिंदू एकदम वर उसळतो. खालच्याच्या ड्रेन आणि गेटमध्ये जो थोडासा कपॅसिटन्स असतो, त्यातून करंट गेटमध्ये घुसतो. ५० पिकोफॅरड आणि नॅनोसेकंदाला ५ व्होल्ट असा वेग धरला तर तो २५० मिलिअँपिअर होतो. हा करंट २२ ओहममधून बाहेर पडायला गेला तर गेटवर साडेपाच व्होल्ट चढतात, म्हणजे बंद असलेला ट्रान्झिस्टर आपोआप उघडतो. वरचा-खालचा दोन्ही उघडे, म्हणजे बस थेट शॉर्ट. ४.७ ओहम असता तर सव्वा व्होल्टच्या आत राहिलं असतं. याला मिलर परिणाम म्हणतात.

उपाय स्वस्त आहे. गेट रेझिस्टरला समांतर एक लहान शॉटकी डायोड आणि ४.७ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, डायोडचं तोंड ड्रायव्हरकडं. चालू करताना करंट मोठ्या रेझिस्टरमधून जातो, बंद करताना छोट्यामधून. मोठ्या आयजीबीटीला बंद असताना उणे ५ ते ८ व्होल्ट देतात, तेही याच भीतीनं.

वायरिंगकडं काटेकोर लक्ष द्या. एक सेंटिमीटर ट्रेस म्हणजे साधारण ८ ते १० नॅनोहेन्री. ड्रायव्हर ट्रान्झिस्टरच्या शेजारी हवा. वायर नेणं भागच असेल तर गेटची आणि सोर्सची वायर एकमेकींना पीळ देऊन न्या, आणि सोर्सची वायर थेट ट्रान्झिस्टरच्या पायावरून घ्या. जाड करंटच्या वाटेवरून ती घेतली की त्या वाटेवरचा व्होल्टेज ड्रॉप गेटच्या हिशोबात मिसळतो. ड्रायव्हरच्या सप्लाय पिनांना चिकटून एक मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पाहिजेच.

चौथी पायरी: डेड टाइम

मागचं दारं बांधल्याशिवाय पुढचं मोडायचं नाही. एक ट्रान्झिस्टर बंद करण्याचा हुकूम दिल्यावर दुसऱ्याला चालू करण्याआधी थोडी मोकळी वेळ सोडा. मॉसफेटला अर्धा ते एक मायक्रोसेकंद, आयजीबीटीला दोन-तीन. एसजी ३५२५ मध्ये पाच आणि सात नंबरच्या पिनांमधला रेझिस्टर ही वेळ ठरवतो. वाजवीपेक्षा जास्त ठेवली तर मोटरचा आवाज आणि करंटचा आकार बिघडतो, पण शॉर्टपेक्षा ते परवडलं.

पाचवी पायरी: राखण

गेट आणि सोर्समध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावाच. ड्रायव्हरची वायर सुटली तरी गेट तरंगत राहणार नाही. त्याच्या जोडीला १५ किंवा १८ व्होल्टचा झेनर, पायाला चिकटून. उणे व्होल्टेज देत असाल तर दोन झेनर पाठीला पाठ लावून. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कपड्यांवरची स्टॅटिकही गेटला पुरेशी होते, म्हणून मी मॉसफेट हातात घेण्याआधी अर्थ केलेल्या पट्टीला हात लावतो.

दुसरी राखण अंडरव्होल्टेज लॉकआउटची. गेटचा सप्लाय कमी पडला तर ड्रायव्हरनं अर्धवट उघडण्याऐवजी सरळ बंद राहावं. जुन्या टीएलपी २५० मध्ये ही सोयच नाही, एचसीपीएल ३१२० मध्ये आहे. आयआर २११० मध्येही आहे, पण तो आठ व्होल्टच्या आसपास बंद होतो. मॉसफेटला ते ठीक. आयजीबीटीला आठ-नऊ व्होल्ट म्हणजे अर्धवट उघडलेलं दारंच. पाच-सहा डिझाइनमध्ये मी आयजीबीटीखाली हा आयसी बघितलाय, आणि प्रत्येक वेळी सप्लायवर वेगळी नजर ठेवायला सांगितलंय.

तिसरी, आणि सगळ्यात मोलाची, डिसॅट, म्हणजे चालू आयजीबीटीवरचं व्होल्टेज बघून शॉर्ट ओळखणं. मोटरच्या वायरी शॉर्ट झाल्या तर आयजीबीटी किती वेळ तग धरतो? जुन्या पिढीचे साधारण १० मायक्रोसेकंद, नवे पाच-सहा. फ्यूज एवढ्यात जागाही होत नाही. व्यवस्थित चालू असलेल्या आयजीबीटीवर दोनेक व्होल्ट असतात. शॉर्टमध्ये ते एकदम चढतात. एचसीपीएल ३१६ जे सारखा ड्रायव्हर एका हाय व्होल्टेज वेगवान डायोडमधून हे बघत असतो, आणि सात व्होल्ट ओलांडले की गेट बंद करून कंट्रोलरला फॉल्ट कळवतो. चालू होतानाच्या पहिल्या क्षणी व्होल्टेज उतरायला वेळ लागतो, तेवढ्यापुरतं डोळे मिटायला एक छोटा कपॅसिटर असतो. १०० पिकोफॅरड आणि आतला २५० मायक्रोअँपिअर धरला तर २.८ मायक्रोसेकंद मिळतात. हा कपॅसिटर कुणी 'फॉल्ट येतो म्हणून' मोठा केला की राखण गेलीच समजा.

शॉर्टमध्ये गेट झटक्यात बंद करायचं नसतं. २०० अँपिअर १०० नॅनोसेकंदांत तोडले आणि बसच्या वाटेत ५० नॅनोहेन्री असले तरी १०० व्होल्टचा जादा उसळा येतो, आणि शॉर्टमधून वाचलेला ट्रान्झिस्टर त्या उसळ्यानं जातो. म्हणून चांगले ड्रायव्हर अशा वेळी गेट हळू उतरवतात.

सहावी पायरी: तपासणी, बस न जोडता

आता दुरुस्तीवाल्यांचं काम. आधी बस रिकामी करा. तीन फेजच्या ४१५ व्होल्टची बस ५८७ व्होल्टपर्यंत जाते. सौर कंट्रोलर असेल तर पॅनलचा आयसोलेटर पाडा. पंप चालू असताना पॅनलची वायर ओढून काढू नका, डीसीचा आर्क विझत नाही, हात भाजतात. मग १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरवर मिनिटभर धरा, आणि मीटरनं शून्य बघूनच हात घाला.

फुटलेले ट्रान्झिस्टर काढा. आयजीबीटी फुटताना बसचं व्होल्टेज गेटमधून मागं जातं, त्यामुळं गेट रेझिस्टर, झेनर आणि ड्रायव्हर हे तिघंही संशयित. तीन फेजच्या कार्डाचा मोठा फायदा हा की सहा चॅनेल सारखे असतात. चांगल्या चॅनेलवर मीटरनं रीडिंग घ्या, मग शंकेच्या चॅनेलवर. फरक दिसला की तिथं थांबा.

मग फक्त कंट्रोल आणि ड्रायव्हर बाजूला बेंच सप्लाय द्या, बस सुटीच. काढलेल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या जागी गेट-सोर्समध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. १५ व्होल्टला तो १५० नॅनोकुलोम घेतो, म्हणजे खऱ्या गेटसारखंच ओझं. कार्ड बूटस्ट्रॅपचं असेल तर ट्रान्झिस्टर काढलेले असताना मधला बिंदू निगेटिव्हला तात्पुरत्या जंपरनं जोडावा लागतो, नाहीतर वरचा सप्लाय भरत नाही. जंपर लाल वायरचा घ्या, म्हणजे काढायचा विसरणार नाही.

काकांच्या कंट्रोलरला मी हेच केलं. मीटरवर सहाही ड्रायव्हरचा सप्लाय पंधराच्या आसपास. शंकेच्या चॅनेलला १४.६. एवढ्यावर कुणीही पुढं गेलं असतं. स्कोप लावला तेव्हा दिसलं: बाकी पाचांचं गेट झटक्यात सरळ वर जाऊन पंधराला टेकत होतं. सहावं निम्म्यावर अडखळून तिरकं चढत होतं, आणि त्याच क्षणी त्याचा सप्लाय दहापर्यंत खाली बसत होता. मीटर सरासरी दाखवतो, त्याला ही खाच दिसत नाही. सप्लायवरचा ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक हीटसिंकला जवळपास टेकून होता. त्याचं डोकं फुगलेलंसुद्धा नव्हतं, पण आतून पूर्ण वाळला होता. शेजारी सिरॅमिक नव्हता आणि ड्रायव्हरला लॉकआउट नव्हता. दुकानात संध्याकाळी हलक्या ओझ्यावर आयजीबीटी ती उष्णता सोसायचा, शेतात दुपारी नाही. मी सहाही कपॅसिटर १०५ डिग्रीचे लावले, जरा दूर वाकवून, आणि प्रत्येकाखाली एक मायक्रोफॅरडचा सिरॅमिक सोल्डर केला. तो कंट्रोलर अजून चालतोय.

म्हणून स्कोपवर या गोष्टी बघाच: गेट पूर्ण उंचीला जातंय का, खाली शून्याला किंवा ठरलेल्या उण्याला येतंय का, चढ सरळ आहे का, चढताना सप्लाय हलतोय का. मग एकाच लेगचे दोन्ही गेट दोन चॅनेलवर घेऊन डेड टाइम मोजा. शेवटी बेंच सप्लाय हळूहळू खाली आणा आणि लॉकआउट असेल तर कुठं बंद होतो ते लिहून ठेवा.

सातवी पायरी: थोडं थोडं पाणी सोडा

ट्रान्झिस्टर बसवल्यावर लगेच पूर्ण बस जोडू नका. आधी बसला ३० व्होल्टचा बेंच सप्लाय, करंट लिमिट एक अँपिअरवर. शॉर्ट असेल तर काही फुटणार नाही. मग सिरीज बल्बमधून पुढचं व्होल्टेज. बल्ब भरताना उजळून मंद झाला तर ठीक, तेवताच राहिला तर थांबा. बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरला बॅटरीच्या वायरीत गाडीचा हेडलाइटचा बल्ब घातला तरी हेच काम होतं.

मेनवर चालू असलेल्या ब्रिजमध्ये वरच्या गेटचं रूप बघायला स्कोपची ग्राउंड क्लिप वरच्या सोर्सला लावू नका. स्कोपचं ग्राउंड अर्थला जोडलेलं असतं, क्षणात स्फोट होतो. आणि त्यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन काढणारे मी बघितलेत. तसं केलं की स्कोपची सगळी बॉडी सहाशे व्होल्टवर येते. डिफरन्शियल प्रोब घ्या. जमत नसेल तर वरचं गेट फक्त ३० व्होल्टच्या बेंच सप्लायवरच बघा.

पूर्ण ओझ्यावर तास-दोन तास चालवा, झाकण लावून, जमल्यास दुपारच्या वेळी. मग झाकण उघडून सहाही ट्रान्झिस्टरचं तापमान थर्मल गननं घ्या. पाच सारखे आणि एक वेगळा दिसला तर त्या चॅनेलच्या गेटवर परत स्कोप लावा. सगळे सारखे असतील तर गेटची रूपं मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं कपॅसिटर बदलल्याची तारीख लिहा.